“थकवा जात नाही, मग गोळी कशाला?” : थायरॉइडविषयीच्या एका संदेशाचा प्रतिवाद

थायरॉइडविषयीचा एक लांबलचक संदेश पावसाळ्यापासून रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या व्हॉट्सअॅप गटांवर फिरत आहे. वाडीचा गट, बचत गट, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा गट, कोठेही पाहिले तरी तो आहेच. असे संदेश न वाचता पुसावेत हा माझा शिरस्ता. परंतु तो वाचून वेंगुर्ल्याच्या माझ्या आत्याने चतुर्थीच्या आधी थायरॉइडची गोळी बंद केली आणि आपला “अनुभव” जोडून तोच संदेश माहेरच्या सगळ्या बायकांना पाठवला. त्यामुळे आता त्याला उत्तर देणे भाग आहे.

संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे. गोळी घेऊनही थकवा, वजन, केस गळणे थांबत नसेल तर ती गोळी निरुपयोगी आहे, म्हणून ती बंद करावी; बंद केल्यावर पंधरा दिवसांत अंग हलके होते, हाच तिच्या निरुपयोगीपणाचा पुरावा. कोकणात पूर्वी थायरॉइड नव्हता, पिशवीतले आयोडीनयुक्त मीठ आल्यावर तो आला. म्हणून मिठागराचे जाडे मीठ खावे, रोज दोन चमचे खोबरेल तेल आणि धण्याचे पाणी घ्यावे. गोळी म्हणजे हळूहळू भिनणारे विष, तिने हाडे ठिसूळ होतात आणि हृदय बिघडते. आणि जन्मभराची गोळी हा कंपन्यांचा धंदा आहे. शेवटी अर्थातच एका चूर्णाची किंमत आणि मागणीसाठी दूरध्वनी क्रमांक.

यातला सर्वांत घातक मुद्दा पंधरा दिवसांचा आहे, कारण तो माणसाला स्वतःच्या अंगावर पडताळून पाहता येतो आणि पडताळणी हमखास “यशस्वी” होते. थायरॉइडच्या गोळीत लेव्होथायरॉक्सिन असते, म्हणजे गळ्यातली थायरॉइड ग्रंथी जे टी-४ संप्रेरक तयार करते तेच. त्याचे रक्तातले अर्धायुष्य सुमारे सात दिवसांचे असते. आज गोळी थांबवली तर आठवड्याने शरीरात साधारण निम्मे औषध शिल्लक राहते, दोन आठवड्यांनी पाव, तीन आठवड्यांनी आठवा हिस्सा. जवळजवळ सगळे संपायला पाच ते सहा आठवडे लागतात. पंप बंद केल्यावरही छपरावरच्या टाकीतले पाणी काही काळ नळाला येत राहते, तशातला हा प्रकार आहे. पहिल्या पंधरवड्यात काहीच बिघडत नाही, आणि ज्यांना मात्रा किंचित जास्त होती त्यांची धडधड कमी होऊन खरोखर बरेही वाटते. संदेश लिहिणाऱ्याने नेमका हा पंधरवडा पुरावा म्हणून निवडला आहे. त्याने दोन महिन्यांनंतरची हकीकत मागवली असती तर संदेश इतका फिरलाच नसता.

आत्याचे तसेच झाले. चतुर्थीच्या गडबडीत तिला फोन केला तेव्हा ती म्हणाली, “माका आता बरा वाटता, मगे गोळी कित्याक?” दिवाळीच्या सुमारास तिचा आवाज घोगरा झाला, सकाळी डोळ्यांखाली सूज दिसू लागली, बद्धकोष्ठ वाढले, आणि गरम हवेतही ती शाल घेऊन बसू लागली. गोळी सोडून बरेच आठवडे लोटले असल्याने या साऱ्याचा गोळीशी संबंध तिच्या मनातही आला नाही. तिने दोष दिला तो फराळाच्या कामाला. तपासणीत टीएसएच (ग्रंथीला कामाला लावणारे, ती कमी पडू लागली की रक्तात वाढणारे संप्रेरक) मर्यादेच्या कितीतरी पट वर गेलेला निघाला. इथवरचे नुकसान भरून निघते. मात्र ज्यांची ग्रंथी जवळजवळ निकामी झालेली आहे किंवा शस्त्रक्रियेने काढलेली आहे, त्यांनी महिनोन्महिने गोळी सोडली आणि त्यात न्यूमोनियासारखा संसर्ग झाला, तर शुद्ध हरपण्यापर्यंत आणि जिवावर बेतण्यापर्यंत मजल जाऊ शकते. हे विरळ आहे; पण संदेश हजारो लोकांपर्यंत जातो तेव्हा विरळ गोष्टीलाही गिऱ्हाईक मिळते.

आता पहिल्या मुद्द्यातले अर्धसत्य. गोळी घेऊन, टीएसएच नॉर्मल येऊनही काही लोकांना बरे वाटत नाही, हे खरे आहे. युरोपियन थायरॉइड असोसिएशनच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये अशा रुग्णांचे प्रमाण ५ ते १० टक्के सांगितले आहे. म्हणजे तक्रार खोटी नाही आणि “मनाची” तर मुळीच नाही. अहवालावर एक नजर टाकून “नॉर्मल आहे, चाला रोज” एवढे बोलून जे डॉक्टर रुग्णाला बाहेर काढतात, ते या संदेशाला वाचक पुरवतात, असे माझे स्पष्ट मत आहे. परंतु “बरे वाटत नाही” यापासून “म्हणून गोळी बंद करा” येथवर पोहोचताना संदेशाने मधले सगळे प्रश्न गाळले आहेत.

पहिला प्रश्न गोळी पोटात कशी जाते हा. ती पाण्याबरोबर, उपाशी पोटी, न्याहारीच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची असते. ते जमत नसेल तर रात्री, जेवणानंतर किमान तीन तासांनी घेतली तरी चालते. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या तिचे शोषण अडवतात, म्हणून त्यांच्यात चार तासांचे अंतर ठेवावे लागते. पित्तासाठी रोज घेतली जाणारी आम्ल कमी करणारी गोळीही शोषण घटवू शकते. आत्याच्या स्वयंपाकघरात मी उभी राहून पाहिले तेव्हा थायरॉइडची छोटी गोळी, आशाताईंनी दिलेली लोहाची गोळी आणि कॅल्शियमची मोठी गोळी अशा तिन्ही एकाच तळहातावर होत्या, आणि वरून चहाचा घोट. गोळ्या तिने औषधाच्या मूळ बाटलीतून काढून प्लॅस्टिकच्या डबीत भरल्या होत्या आणि ती डबी गॅसच्या शेगडीवरच्या फळीवर होती. लेव्होथायरॉक्सिन उष्णता, उजेड आणि ओलाव्याने खराब होते. जुलैत जेथे मिठाला पाणी सुटते आणि पापड सादळतात, त्या हवेत मोकळ्या डबीतली गोळी कितपत टिकेल, याचा विचार ज्याचा त्याने करावा. गोळी मूळ बाटलीतच, झाकण घट्ट लावून, चुलीपासून दूर ठेवावी. आत्यासारखी गोळी घेतली आणि ठेवली तर चिठ्ठीवरची मात्रा बरोबर असूनही पोटात पोहोचणारी मात्रा कमी असते, आणि दोष गोळीच्या माथी येतो.

दुसरा प्रश्न वेळेचा. मात्रा बदलल्यावर रक्तातली पातळी स्थिरावायला सहा आठवडे लागतात, म्हणून टीएसएच सहा ते आठ आठवड्यांनी तपासतात. पंधरा दिवसांत तपासणी करून घेणे म्हणजे पैसे वाया घालवणे. आकडा सुधारल्यानंतरही अंग लगेच सुधारत नाही. केस आणि त्वचा पूर्ववत व्हायला त्याहून काही महिने अधिक लागतात. वजनाबाबत तर सर्वांत मोठी निराशा पदरी येते, कारण कमी थायरॉइडमुळे वाढणारे वजन बहुतेकांमध्ये दोन ते चार किलोच असते आणि त्यातही पाण्याचा आणि क्षाराचा वाटा मोठा असतो. बाकीचे दहा-बारा किलो गोळीने उतरतील ही अपेक्षा कोणी शहाण्या डॉक्टराने दिलेली नसते. ती शेजारणीने दिलेली असते.

तिसरा आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित प्रश्न असा, की थकवा थायरॉइडचाच आहे हे ठरवले कोणी? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. निम्म्याहून अधिक बायकांना ज्याने थकवा येतो असा आजार समोर असताना प्रत्येक थकव्याची जबाबदारी गळ्यातल्या ग्रंथीवर टाकणे हा आळस आहे. थायरॉइडच्या कमतरतेचे नेहमीचे कारण म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीनेच ग्रंथीवर केलेला हल्ला, ज्याचे वर्णन हाकारू हाशिमोतो या जपानी डॉक्टराने १९१२ साली केले. ज्यांना हा आजार असतो त्यांच्यात त्याच जातीचे इतर आजारही अधिक आढळतात : जठराच्या अस्तरावर परिणाम होऊन बी-१२ आणि लोह न शोषले जाणे, गव्हाची असहिष्णुता असणारा सीलिअॅक आजार, पहिल्या प्रकारचा मधुमेह, क्वचित मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथीचा आजार. याखेरीज घोरणे आणि झोपेत श्वास अडकणे, ऋतुनिवृत्तीचा काळ, नैराश्य. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-१२, साखर या तपासण्या तालुक्याच्या गावीही होतात. आत्याचे हिमोग्लोबिन ९ निघाले, आणि ते काही गोळी सोडल्यामुळे महिन्या-दोन महिन्यांत खाली आलेले नव्हते; लोहाची गोळी आणि चहा एकत्र घेतल्याने लोहही तिला फारसे लागत नव्हते.

येथे एक जोडमुद्दा. केस गळतात म्हणून पुष्कळ जणी औषधाच्या दुकानातून बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणतात. बायोटिन जास्त मात्रेत असले तर अनेक प्रयोगशाळांच्या पद्धतींत टीएसएच खोटा कमी आणि टी-४ खोटे जास्त दिसते. मग डॉक्टर मात्रा कमी करतात, मात्रा कमी झाल्यावर केस आणखी गळतात, आणि बायोटिन वाढते. रक्त देण्यापूर्वी किमान दोन दिवस बायोटिन बंद ठेवावे आणि आपण ते घेतो हे डॉक्टरांना सांगावे.

हे सगळे तपासून, मात्रा नीट बसवूनही ज्यांना बरे वाटत नाही असे थोडे लोक उरतात, आणि त्यांच्याबाबत वैद्यकशास्त्राजवळ आज समाधानकारक उत्तर नाही, हे मान्य करायला हवे. निरोगी शरीरात प्रत्यक्ष काम करणाऱ्या टी-३ या संप्रेरकापैकी सुमारे २० टक्के ग्रंथी स्वतः बनवते आणि उरलेले इतर अवयव टी-४ पासून तयार करतात. गोळीत फक्त टी-४ असल्याने काहींना ते २० टक्के कमी पडत असावेत, हा तर्क जुना आहे. १९९९ साली ३३ रुग्णांवरच्या एका प्रयोगात टी-४ आणि टी-३ एकत्र दिल्यावर मनःस्थिती सुधारल्याचे दिसले आणि मोठी आशा निर्माण झाली. पण २००६ साली ११ प्रयोगांतल्या १,२१६ रुग्णांची आकडेवारी एकत्र करून पाहिली तेव्हा थकवा, वेदना, नैराश्य किंवा वजन यांत केवळ टी-४ पेक्षा जास्त फायदा आढळला नाही. तरीही हा विषय बंद झालेला नाही, आणि निवडक रुग्णांमध्ये तज्ज्ञाच्या देखरेखीखाली ठरावीक मुदतीसाठी टी-३ जोडून पाहिले जाते. मला स्वतःला या बाबतीत फार आशा नाही; पण “जोडून पाहू” आणि “सगळेच बंद करू” यांतला फरक समजायला वैद्यकीय पदवी लागत नाही.

मिठाचा मुद्दा वाचून हसावे की चिडावे हे कळत नाही. संदेशाच्या एका परिच्छेदात आयोडीनने थायरॉइड होतो म्हणून पिशवीतले मीठ नको, आणि पुढच्याच परिच्छेदात “समुद्राचे नैसर्गिक आयोडीन” मिळावे म्हणून मिठागराचे मीठ हवे! समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ आणि ५० ते ६० मायक्रोग्रॅम आयोडीन असते. मीठ पिकवताना त्यातले बरेचसे आयोडीन निघून जाते. पण एक कणही गेला नाही असे घटकाभर धरले तरी प्रौढाला दिवसाला लागणारे १५० मायक्रोग्रॅम आयोडीन मिळवायला रोज नव्वद-शंभर ग्रॅम मीठ खावे लागेल. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला पाच ग्रॅमहून कमी अशी आहे. शिरोड्याच्या मिठागरांविषयी मला अतोनात आदर आहे, १९३० च्या सत्याग्रहामुळे तो प्रत्येक कोकणी माणसाला असतो. परंतु सत्याग्रह मिठावरच्या कराविरुद्ध होता, आयोडीनविरुद्ध नव्हता.

“कोकणात पूर्वी थायरॉइड नव्हता” या वाक्याला उत्तर देण्यासाठी माझ्याजवळ एकच भक्कम आधार आहे, आणि तो पुरेसा आहे. देशातल्या आठ शहरांतल्या ५,३७६ प्रौढांच्या तपासणीचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. त्यांत १०.९५ टक्के लोकांना थायरॉइडची कमतरता आढळली. दिल्ली, कोलकाता, अहमदाबाद, बंगळूरु, हैदराबाद या आतल्या शहरांत हे प्रमाण ११.७ टक्के होते, आणि मुंबई, गोवा, चेन्नई या किनाऱ्यावरच्या शहरांत ९.५. म्हणजे किनाऱ्यावर ते थोडे कमी आहे, हे कुरकुरत का होईना कबूल करते. पण “थोडे कमी” आणि “नव्हताच” यांच्यामध्ये दहातला जवळजवळ एक माणूस उभा आहे. त्याच पाहणीत सुमारे २२ टक्के लोकांच्या रक्तात ग्रंथीविरुद्धची प्रतिद्रव्ये सापडली, आणि ती बांगडा खाल्ल्याने जात नाहीत. पूर्वी आजार नव्हता असे नाही. टीएसएच मोजण्याची पद्धतच १९६० च्या दशकात आली, आणि तालुक्यापर्यंत ती पोहोचायला पुढची कित्येक वर्षे गेली. सुजलेल्या, मंदावलेल्या, घोगऱ्या आवाजाच्या बाईला तोवर “वय झाले” एवढेच निदान मिळत असे.

आयोडीनविषयीचे अर्धसत्य असे की ते प्रमाणाबाहेर गेले तर प्रतिकारशक्तीशी निगडित थायरॉइडचा आजार बळावू शकतो. डेन्मार्कमध्ये २००० साली मिठात आयोडीन सक्तीचे झाल्यावर कमतरतेचे रुग्ण काहीसे वाढल्याचे नोंदले गेले. यावरून निघणारा निष्कर्ष आयोडीनचे थेंब आणि समुद्रशेवाळाच्या कॅप्सूल टाळाव्यात एवढाच आहे. भारतात घरोघरी पोहोचणाऱ्या मिठात ग्रॅममागे किमान १५ मायक्रोग्रॅम आयोडीन असावे असा नियम आहे. पाच-दहा ग्रॅम मिठातून प्रमाणाबाहेरचे आयोडीन मिळत नाही, आणि ते मीठ बंद केल्याने निकामी झालेली ग्रंथी पुन्हा कामाला लागत नाही. गरोदर स्त्रियांनी आणि वाढत्या मुलांनी मात्र ते बंद केले तर नुकसान नक्की आहे.

खोबरेल तेल आणि धण्याचे पाणी यांवर फार शाई खर्च करण्याचे कारण नाही. खोबऱ्यात टी-४ नसते. असते तर जेथे सोलकढीपासून उसळीपर्यंत प्रत्येक पदार्थात नारळ पडतो त्या आमच्या घरांत ही गोळी कोणाला लागलीच नसती. धण्याचे पाणी खुशाल प्यावे, गोळीनंतर तासाभराने.

हाडे आणि हृदय यांचा मुद्दा पूर्ण खोटा नाही, म्हणून तो अधिक फसवा आहे. मात्रा जास्त होऊन टीएसएच अगदी तळाला, ०.१ च्याही खाली, दीर्घकाळ राहिला तर हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा आणि पाळी गेलेल्या स्त्रियांत हाडे विरळ होण्याचा धोका खरोखर वाढतो. म्हणून तर वर्षातून एकदा तरी टीएसएच तपासायचा असतो, आणि म्हातारपणी किंवा हृदयविकार असताना सुरुवात १२.५ किंवा २५ मायक्रोग्रॅमने करायची असते. योग्य मात्रेने हे होत नाही. न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे या डॉक्टराने १८९१ साली थायरॉइडच्या कमतरतेने खंगलेल्या ४६ वर्षांच्या एका बाईवर मेंढीच्या ग्रंथीच्या अर्काने उपचार सुरू केले. पुढची २८ वर्षे तिला अर्क देण्यासाठी सुमारे ८७० मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या, आणि ती १९१९ साली, वयाच्या ७४ व्या वर्षी वारली. हळूहळू भिनणाऱ्या विषाची ही काही फार चांगली जाहिरात नव्हे.

राहिला जन्मभराचा प्रश्न. काहींना ही गोळी जन्मभर लागत नाही, हेही खरे आहे. बाळंतपणानंतर ग्रंथीला आलेली सूज पुष्कळदा आपोआप उतरते. उतारवयात टीएसएच थोडा वाढतोच. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रयोगात ६५ वर्षांवरच्या, किंचित वाढलेला टीएसएच आणि टी-४ नॉर्मल असलेल्या ७३७ जणांपैकी साधारण निम्म्यांना गोळी आणि उरलेल्यांना औषध नसलेली नकली गोळी देऊन पाहिली, तेव्हा दोन्ही गटांच्या थकव्यात किंवा इतर लक्षणांत काहीही फरक पडला नाही. आरोग्य शिबिरातल्या एकाच अहवालावर अशा आजी-आजोबांना गोळी सुरू केली जाते, आणि त्यांचा थकवा गोळीने जात नाही कारण तो थायरॉइडचा नव्हताच. त्यांनी डॉक्टरांना “मला ही खरोखर लागते का?” असे अवश्य विचारावे. ज्यांचा टीएसएच सुरुवातीलाच चाळीस-पन्नासच्या घरात होता त्यांना हे लागू होत नाही. आपण कोणत्या गटात मोडतो हे पहिल्या अहवालावरून कळते. तो कागद जपून ठेवावा. कंपन्यांच्या धंद्याबद्दल एवढेच, की ही गोळी राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, तिच्या किमतीवर सरकारी मर्यादा आहे, आणि संदेशाखालचे चूर्ण तिच्यापेक्षा कितीतरी महाग आहे.

संदेशात ज्यांचा उल्लेखही नाही, त्यांच्याबद्दलची काळजी मला सर्वांत अधिक वाटते. माहेरच्या त्या गटात लग्न होऊन वर्ष-दोन वर्षे झालेल्या मुली आहेत आणि त्यांतल्या काही ही गोळी घेतात. गर्भाची स्वतःची ग्रंथी गरोदरपणाच्या जवळजवळ मध्यापर्यंत पुरेसे संप्रेरक बनवू शकत नाही. तोवर त्याच्या मेंदूची वाढ आईच्या टी-४ वर चालते. या काळात आईची गरज साधारण २५ ते ५० टक्क्यांनी वाढते, आणि दिवस राहिल्याचे कळताच डॉक्टर मात्रा वाढवतात, पुष्कळदा आठवड्याला दोन गोळ्या जादा देऊन, आणि पहिले निम्मे गरोदरपण संपेपर्यंत दर चार आठवड्यांनी टीएसएच तपासतात. पाळी चुकली आणि घरच्या चाचणीत दिवस राहिल्याचे दिसले की नाव नोंदवण्याच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करावा, आणि तोपर्यंत रोजची गोळी एक दिवसही चुकवू नये.